सर्जेकोट, बंदीचा महिना

सोसायटीच्या ऑफिसात वजनकाटा पालथा पडलाय,
बर्फाच्या पेटीत मांजर व्यायलंय.
टेबलाखालच्या जुन्या मशीनमध्ये
एक नेटवर्क कार्ड आहे, शंभर मेगाबिटचं.
ज्या कंपनीने केलं तिची पाटीसुद्धा आता कुठे नसेल.
दुपारी काम नसलं की मशीन निजतं.
चार वाजता मशीन उठतं.
कार्ड उठत नाही.

सुलोचना तारी वायर उपसते, फुंकर घालते, परत खोचते.
"खारो वारो लागलो असतलो."
मी ड्रायव्हर उघडून बसते.

वीस वर्षांपूर्वी कुणीतरी दोन फंक्शनं लिहिली,
एक निजवायचं, एक उठवायचं.
त्याच्या पत्त्यावर धाडलेली मेल आपटून माघारी येते.
भला माणूस असणार, सगळं आपल्याच अंगावर घेणारा:
स्लॉटची अवस्था आपणच टिपायची,
वीज किती पायऱ्या उतरवायची ते आपणच ठरवायचं,
जागं करायची मुभा दोनदा मागायची,
एकदा उथळ झोपेसाठी, एकदा गाढ,
आणि उठताना तेच सगळं उलट्या पावलांनी.
तेव्हा दुसरं करणारं होतं तरी कोण?

खिडकीतून बंदर दिसतं,
निळ्या ताडपत्र्या, चुडतांचे झाप, त्याखाली होड्या.
पूर्वी ज्याची होडी त्यानेच ओढायची.
खाली ओंडके, खांद्यावर दोर, पंधरा माणसं,
रात्री त्या पंधरांचं जेवण.
आता क्रेन येते.
बाबी खवणेकर फक्त आपलं इंजिन उतरवतो, डिझेल काढतो,
जाळ्यातले शिंपले झटकतो.
पहिल्या वर्षी मात्र त्याने दोर सोडलाच नव्हता.
क्रेन वर घेतेय, बाबी खाली ओढतोय,
होडी मधल्यामध्ये तिरकी, सगळं बंदर बोंबलतंय.
"येकच काम दोगांनी केला काय असाच होता,"
तो आता हसून सांगतो. डाव्या तळहातावर अजून वळ आहे.

मी ओळी पुसत जाते.
टिपणं, ते कर्नल टिपतो.
पायऱ्या, त्या तोच उतरवतो.
मुभा, ती तोच मागून ठेवतो.
ड्रायव्हरकडे उरतं ते त्याच्या घरचं:
रांग थांबव, हातातली पाकिटं संपव, घंटा बंद कर.
त्र्याण्णव ओळी गेल्या, एकतीस आल्या.
पुसण्याचा पगार मिळतो
हे आईला अजून पटवता आलेलं नाही.

एका ओळीशी मात्र अडले.
दहा मिलिसेकंद थांब, एवढंच तिचं म्हणणं.
शेजारी त्याचा शेरा: का ते कळत नाही. काढू नका.
काढली.
मशीन निजलं, उठलं. कार्ड थंडगार.
परत घातली, शेऱ्यासकट,
शेऱ्यातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

खाडीकाठी रात्री कुणी नावाने हाक मारली
तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. देवचार असतो.
सुलोचना आजही देत नाही,
तिच्या नवऱ्याला तीनदा ओरडावं लागतं.
कार्डही त्याच घरातलं.
निजलं तरी कान वायरीला,
तिथली बडबड सगळी ऐकतं आणि पडून राहतं,
लागोपाठ सोळा वेळा स्वतःचा पत्ता कानी येईपर्यंत.

साडेसहाला मी पलीकडच्या खोलीतून हाक घातली.
सोळा वेळा.
पंख्याचा आवाज.
मांजराने मान वर केली.
मग टेबलाखाली हिरवं काहीतरी लुकलुकलं, विझलं,
आणि पुन्हा लागलं ते लागलंच.
सुलोचनाने वायरीला हात लावला नाही,
फक्त जवळ नेऊन ठेवला होता.

बदलाखाली टीप लिहायची असते.
लिहिलं: तपासलं, एका कार्डावर.
जगात अशी अजून किती निजलीयेत,
ठाऊक नाही.